पुलाच्या अलीकडची बिअर

तो छत्री फळ्यावर धरून उभा होता आणि स्वतः भिजत होता. पाऊस असा काही मोठा नव्हता. पडायचं की नाही हे अजून न ठरलेला, नुसता भुरभुरणारा. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : 'छोटी ब्रुअरी. आत या, बघा, चव घ्या. बस नाही.'

शेवटचे दोन शब्द वाचून ती थांबली. आपल्याकडे काय नाही याची जाहिरात करणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"फळ्याला सर्दी होते का?" तिनं विचारलं.

"खडू आहे," तो म्हणाला. "पावसानं मी पुसला जात नाही." मग जरा विचार करून, "म्हणजे... अजून तरी गेलेलो नाही."

ती दातांची डॉक्टर होती. समोरच्यानं तोंड उघडलं की तिची नजर आधी दातांवर जायची, मग जमलं तर माणसावर. आज क्रम चुकला. त्याच्या भुवईवर एक थेंब अडकला होता, आणि तो पडतो की राहतो हे बघण्याच्या नादात दातांची तपासणी राहूनच गेली.

बरोबर वहिनी होती. डॉक्टर या शहरात दंतवैद्यांच्या परिषदेला आली होती आणि वहिनी 'तुला सोबत' म्हणून. परिषद दुपारीच आटोपली, गाडी संध्याकाळची. मधल्या वेळात ब्रुअरी न बघता परत जाणारा माणूस कर्मदरिद्री, असं हॉटेलच्या माहितीपत्रकात जरा सभ्य शब्दांत लिहिलं होतं. ब्रुअऱ्या दोन होत्या. मोठी पुलाच्या पलीकडे. तिथं न्यायला बस, बसायला खुर्च्या, बघायला माहितीपट, तांब्याचे चकचकीत हंडे आणि शेवटी प्रत्येकाला घरी न्यायला एक ग्लास फुकट. छोटी पुलाच्या अलीकडे. तिथं हा माणूस.

वहिनी बिअरच्या थेंबालाही शिवत नसे. पण ग्लासचं तसं नव्हतं.

"वन्सं, यात ठरवायचं काय?" ती म्हणाली. "तिकडे बस आहे, ग्लास आहे. इकडे काय आहे?"

यावर त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. इकडे दोन टाक्या आहेत, तो म्हणाला, आणि एक बादली. शिवाय तिकडचे हंडे खरोखर बघण्यासारखे आहेत, हेही त्यानं सांगून टाकलं. वहिनीचं त्याच्याबद्दल मत एकदम चांगलं झालं. डॉक्टरनं मात्र त्याला विचारलं की तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात, तर तो म्हणाला, "तुमच्या. तुमची दुपार आहे, वाया जायला नको."

बस सुटायला अर्धा तास होता. तोवर हे बघून घेऊ, असं डॉक्टर 'पुढचा पेशंट' म्हणावं तशा आवाजात म्हणाली. वहिनीनं तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि आपले पाय फार दुखतात हे आठवून ती दाराशीच बाकावर बसली.

आत एकच मोठी खोली होती. विटांच्या भिंती वाफेनं घामेजलेल्या. उन्हात टाकलेल्या रजईला येतो तसला ऊबदार वास, तो सातूचा, त्यानं सांगितलं. सातूला मोड आणायचे, भाजायचे, उकळायचे, त्यात हॉप्सची कडवट फुलं टाकायची आणि गार झाल्यावर यीस्ट सोडायचं. एका टाकीतून निघालेली नळी बादलीतल्या पाण्यात बुडवली होती आणि पाण्यातून बुडबुडे येत होते. बुडुक... मग बराच वेळ काही नाही... बुडुक.

"आणि मग तुम्ही काय करता?"

"काही नाही. गप्प बसतो. सगळ्यांत अवघड काम तेच."

मग दोघंही ते अवघड काम करत उभे राहिले. बुडुक... खिडकीवरून पाणी ओघळत होतं. दोन बुडबुड्यांमधली शांतता इतकी लांब होती की तिला वाटलं, यात एखादी डुलकी होईल. आणि त्या डुलकीत स्वप्न पडलं तर ते याच खोलीचं असेल.

तेवढ्यात त्याची ताई आली. ब्रुअरी दोघांची निम्मी निम्मी होती. काळजी मात्र सगळी ताईच्या वाट्याला आली होती. डॉक्टर आपणहून चव घ्यायला आलीय हे कळताच ताईनं तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. पुलापलीकडच्यांनी याला नोकरीला बोलावलंय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय. हो म्हटलं की इथल्या टाक्या विकायच्या. हा मात्र थंडीभर खपून नवी बिअर करून बसलाय आणि म्हणतोय, हिच्यावर ब्रुअरी चालेल.

"आता याची स्वतःची जीभ काय कामाची?" ताई म्हणाली. "आपला तो बाब्या. म्हणून ठरवलंय, बाहेरचं एक माणूस काय म्हणतं ते ऐकायचं. ओळखीचं नको, गोड बोलणारं नको. चांगली म्हणालं तर राहायचं, नाहीतर हा पूल ओलांडणार. आणि सकाळपासून दारात कुत्रं फिरकलेलं नाही."

"मी गोड बोलत नाही," डॉक्टर म्हणाली. "आमचा धंदाच गोडाच्या विरोधात आहे."

पण जबाबदारी मोठी होती. एका माणसाचं पुढचं आयुष्य आपल्या जिभेवर ठेवलं जाणार, तर ती जीभ स्वच्छ हवी. तिनं बेसिन कुठं आहे विचारलं. हात धुवायचे असतील असं समजून त्यानं दाखवलं. पर्समध्ये ब्रश आणि पेस्ट कायमची असे. तिनं दात पुढून घासले, मागून घासले, आणि कर्तव्यात कसूर नको म्हणून जीभही.

त्यानं ग्लास भरून दिला. फिकट सोनेरी रंग, वर बोटभर फेस. तिनं घोट घेतला.

कडू औषधात गंज कालवावा तसं काहीतरी घशाखाली गेलं. तिनं चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण पेशंट एक्स-रेकडे बघतात तसा तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. खोटं बोलता आलं असतं. इतका मोह तिला आयुष्यात झाला नव्हता.

"कडू आहे," ती म्हणाली. "नुसतीच... कडू. मागे काही नाही."

"हं," तो म्हणाला. मग, "बरं झालं खरं सांगितलंत." आणि हे त्यानं इतक्या हळुवारपणे म्हटलं की तिला पुन्हा खुर्चीवर बसावंसं वाटलं.

बसपर्यंत तो छत्री धरून आला. या वेळी छत्री तिच्यावर होती. मागे फळ्यावरची अक्षरं ओघळून खाली टपकत होती. त्यानं वळून पाहिलं नाही.

पुलापलीकडे दारातच स्वागताचा घोट होता. बाकीची मंडळी पहिल्या घोटालाच डोळे मिटून वा म्हणाली. डॉक्टरनंही घेतला.

कडू औषधात गंज. तंतोतंत तोच.

बिअर बिघडलीय का, असं तिनं तिथल्या गाइडला विचारलं. तो दुखावला आणि पदकं मोजून दाखवू लागला. ती ऐकत नव्हती. तिनं दातांवरून जीभ फिरवली. गुळगुळीत. थंडगार. पेपरमिंट. पेस्ट लावलेल्या तोंडात काहीही कडू लागतं, हे ती शाळाशाळांतून मुलांना संत्र्याचा रस पाजून सांगत आली होती.

"वहिनी," ती म्हणाली, "मी दात घासले."

"मग? रोजच घासतेस."

पुढचं वहिनीला माहितीपटाच्या अंधारात एकटीनं समजून घ्यावं लागलं. डॉक्टर पूल ओलांडत होती. वाटेत एका नळावर तिनं पुन्हा पुन्हा चुळा भरल्या, कोपऱ्यावर साधा पाव घेतला आणि तो चावत, भर रस्त्यात, केस सुटलेल्या अवस्थेत ती पळत राहिली. नदीवर धुकं उतरलं होतं. पलीकडचा काठ नीट दिसत नव्हता, पण कुठं जायचंय हे तिला आयुष्यात इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

तो टाकीजवळ उकिडवा बसला होता. खालची तोटी उघडी होती आणि थंडीभराची मेहनत सोनेरी धार होऊन गटाराकडे निघाली होती.

तिनं तोटीची दांडी धरली आणि जोर लावून फिरवली. उलट्या बाजूला. धार दोघांच्या तोंडावर आली. त्यानं तिच्या हातावर हात ठेवून दांडी सुलट फिरवली, आणि खोली पुन्हा शांत झाली. बुडुक...

"मी दात घासले होते," ती धापा टाकत म्हणाली. "चव घ्यायच्या आधी. तुमच्यासाठी... मुद्दाम."

तो बिअरवालाच, एका वाक्यात समजला. सातूच्या पोत्यावर बसून तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग त्यानं डोळे पुसले.

"आता तुम्ही चांगलीच म्हणाल. दया म्हणून."

"मी चार वर्षांच्या मुलालाही सुई दुखेल म्हणून आधी सांगते," ती म्हणाली. "माझ्याकडे दया नसते. फक्त भूल असते."

यावर त्यानं निमूटपणे ग्लास भरला. ताई दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरनं घोट घेतला आणि डोळे मिटले. आधी नुसता गारवा. मग पावाच्या भाजक्या कडेची चव. कडवटपणा आला तो सगळ्यांत शेवटी. उशिरा आलेला पाहुणा मागच्या रांगेत हळूच बसावा आणि मग साऱ्या मैफलीत आपलं लक्ष त्याच्याकडेच जात राहावं, तसा.

"बोला ना," तो म्हणाला.

"थांबा. अजून येतेय."

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. "त्यांना नाही म्हणून कळवा," ती म्हणाली. "ही सोडून जाल तर मूर्ख ठराल."

ताईनं आणखी काही ऐकायची वाट पाहिली नाही. फोन करायला ती बाहेर गेली आणि जाताना दार ओढून घेतलं.

तो ओल्या हातांकडे बघत होता. "डॉक्टर, मघाशी तुम्ही कडू म्हणालात ना, तेव्हा... बिअरचं एवढं नाही लागलं मला. बिअर पुन्हा करता येते. तुम्ही बसमध्ये चढलात, ते लागलं."

ती पोत्यावर, त्याच्या शेजारी बसली. दोघांच्या बाह्यांतून बिअर ठिबकत होती. दोन बुडबुडे गेले. तिसऱ्याला तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.

माहितीपट संपवून वहिनी आली तेव्हा दोघं तसेच बसले होते. गाडीची वेळ झाली, असं म्हणायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं. डॉक्टर फोनवर दवाखान्यातल्या मदतनीस बाईंना सांगत होती की उद्याच्या दाढा परवा काढू. नाही, तब्येत उत्तम आहे. आणि कोणाचं फारच दुखलं तर लवंग धरायला सांगा.

"आणि घरी मी काय सांगू?" वहिनीनं विचारलं.

"खरं ते सांग."

"खरं म्हणजे काय, वन्सं?"

डॉक्टरनं शेजारी पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि उत्तराची त्यालाही तेवढीच निकड होती.

"म्हणावं, तिला तिथं राहावंसं वाटलं," ती म्हणाली. "...बाकीचं तीच येऊन सांगेल. याला घेऊन."