आजी इतक्या लवकर कशी उतरली?

"मामा, आजी शिर्डीला उतरलीच नसेल!" निकिता ओरडली, पण हनुमंतमामांनी जीप सुरूसुद्धा केली होती.

"अगं, आत्ताच फोन आला की तिचा! तिचा मोबाईल बंद पडला म्हनून इमानात शेजारी बसलेल्या पोरीच्या मोबाईलवरनं बोलली. उतरले म्हनं!"

"पण बंगळूरहून विमान उडून तासच झालाय! रोहिणीमावशी म्हणाली होती, शिर्डीला दीड तासाच्या वर लागतो."

"वारं पाठीमागनं असंल! लई डोकं खाता तुमी पोरं!" मामा धुरळा उडवत निघूनही गेले.

निकिताला रडूच यायला लागलं. सुट्टीला घोडेगावला आल्यापासून हेच चाललं होतं. काही सांगायला जावं, तर 'तुला काय कळतंय!' भागूबाई आजी बंगळूरच्या रोहिणीमावशीकडून पहिल्यांदाच एकटी विमानाने येत होती. तिकीट मामांनीच घाईघाईत काढलं होतं.

धाकट्या समर्थने नकाशावर पट्टी ठेवली. "बंगळूर ते शिर्डी, सरळ गेलं तरी आठशे किलोमीटर! मग तासात उतरण्यासारखं काय आहे?" त्याची पट्टी फिरत फिरत थांबली. "ताई, हैदराबाद! मावशी ऑफिसच्या कामाला जाते, ती तासाभरातच पोचते!"

"म्हणजे तिथे विमान बदलायचं होतं! आणि आजीला कुणी सांगितलंच नाही! ती एवढ्या मोठ्या शहरात बाहेर पडली तर?"

निकिताने मामीच्या मोबाईलवरून मावशीला फोन लावला. उचलला नाही. मामांना लावला. तेही उचलेनात! आणि त्या मुलीचा नंबर होता फक्त मामांच्या मोबाईलमध्ये!

"आज जनावरांचा बाजार हाय," मामेभाऊ करण म्हणाला. "जीप गर्दीत अडकली आसंल. पळा!"

बैल, शेळ्या, टेम्पो यांच्यातून वाट काढत तिघं धावली. ती दिसली जीप! पण तेवढ्यात पुढची वाट मोकळी झाली.

"बायडामावशी, जरा म्हैस द्या!" करणने ओळखीच्या बाईच्या हातातलं दावं घेतलं आणि म्हैस सरळ जीपपुढे उभी केली!

"ए, हटव ती!" मामांनी हॉर्नवर हॉर्न दिले. समर्थ म्हशीला ढकलायला लागला, पण मुद्दाम जीपकडेच!

"मामा, मोबाईल द्या ना. आईशी बोलायचंय!" निकिता खिडकीशी येऊन म्हणाली. वैतागलेल्या मामांनी न बघताच मोबाईल दिला. तिने मामीच्या मिस्ड कॉलच्या आधीचा अनोळखी नंबर लावला.

"हॅलो, स्नेहल बोलतेय."

"ताई, तुम्ही कुठे उतरलात?"

"हैदराबादला. का गं?"

"तुमच्या शेजारी बसलेल्या आजींना शिर्डीला जायचंय!"

"अगं बाई! त्या तर आत्ताच बाहेर गेल्या!"

फोनवर धावणारी पावलं ऐकू आली. मग एक चिडलेला आवाज आला, "कोन, निकी? अगं, ह्या टॅक्सीवाल्याला घोडेगावच ठाऊक न्हाई!"

निकिता तिथेच मातीत बसली. हसू आणि रडू एकदमच आलं.

मामांनी आता कुठे मोबाईलमधलं तिकीट नीट वाचलं. "हैदराबादला विमान बदलायचं... आरं देवा!" त्यांचा चेहरा पार उतरला.

स्नेहलने आजीला विमान कंपनीच्या माणसांकडे नेलं. त्यांनी तिला शिर्डीच्या विमानात बसवून दिलं.

संध्याकाळी शिर्डीच्या विमानतळाबाहेर आजीने तिन्ही पोरांना कवेत घेतलं. "हनुमंता, ही पोरं नसती, तर आज कुटं शोधलं असतंस मला? लई हुशार माझी लेकरं!"

"चुकलं माझं," मामा खाली मान घालून म्हणाले. "तुमचं ऐकायला पायजे हुतं, पोरांनो."

"मग आता ऐका," निकिता म्हणाली. "दुपारपासून आमच्या पोटात काही नाही!"