योगितासाठी मरळ

हिलालला मासेमारीचा नाद होताच, पण त्या रविवारी कामरेजच्या पुढच्या तळ्यावर तो नादापायी गेला नव्हता. आबा, म्हणजे त्याच्या बायकोचे, योगिताचे वडील, गावी वारले आणि उधन्याहून निघालेली लेक पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून बाईच्या घशाखाली घास उतरेना. डॉक्टरांनी दवाखान्यात भरती करायची भाषा काढली. मग परवा ती आपणहून एवढंच म्हणाली, की आबा आणायचे तशी मरळ मिळाली तर खाऊन बघेन. आता इतक्या दिवसांनी बायकोने काहीतरी मागितलं, तर नवरा घरी बसेल होय?

आबांनीच शिकवल्याप्रमाणे त्याने गळाला कोंबडीचं पीस जरीच्या दोऱ्याने बांधलं होतं. पाण्यावर ते माशीसारखं हललं की मरळ झडप घालते. पण दिवस कलला तरी पाणी हलेना. बगळे उडून गेले, चिखलाचा वास वर आला, हायवेची घरघरही कुठेतरी विरली. हिलाल अगदी रडकुंडीला आला.

"घाई करू नको, जवाई... दोर ढिला सोड," मागून आवाज आला.

आवाज आबांचा. विडीचा वासही त्यांचाच. हिलालच्या अंगावर सरसरून काटा आला. मान काही वळेना. हात मात्र ऐकत होते. दोर सैल पडला, पीस थरथरलं, आणि हातभर मरळ काठावर येऊन आपटली.

"योगी जेवस का?"

"नही, मामा..." हिलाल सासऱ्याला म्हणाला.

मागे विडीचा एक झुरका ओढला गेला. मग हळूच, "मी येऊ का संगे?"

पाण्याकाठी मागून आलेल्या हाकेला ओ देऊ नये, हे आईने लहानपणीच बजावलं होतं. पण जावई माणूस! सासऱ्याला लेकीच्या घरी येऊ नका कसं म्हणायचं? तोंडातून सवयीने निघून गेलं, "चला ना."

वाटभर मोटारसायकल मागून जड लागत होती. त्याने आरशात पाहिलं नाही.

घरी त्याने स्वतःच्या हाताने मरळ तळली, ताट योगितासमोर ठेवलं आणि जीव मुठीत धरून बसला. तिने एक घास खाल्ला. मग दुसरा. हिलालचे डोळे भरून आले. त्या क्षणी त्याला कशाचीच भीती वाटली नाही. योगिता चक्क हसली, आणि तिने ताट जरासं रिकाम्या पाटाकडे सरकवलं.

"बठा ना, आबा," ती म्हणाली.

हिलालने ताटाकडे पाहिलं. ती अलीकडून खात होती. मरळ पलीकडूनही कमी होत चालली होती.