एकही गाडी सुटली नाही

शिंप्याची थोरली बहीण घरात शिरली ती उभ्याउभ्याच बोलू लागली.

"माझ्या भावाला उद्या सकाळी कोर्टात उभं करणार आहेत. जिन्यावरून माणूस ढकलला म्हणतात. वहिनी तुम्हीच ना? मग चला."

वहिनींनी इस्त्रीचं बटण बंद केलं. नवरा गेल्यापासून त्या खासगी तपासाची कामं करत होत्या आणि धाकटा दीर सोबतीला असे. तो त्यांना वहिनी म्हणायचा म्हणून सगळं जग वहिनी म्हणू लागलं, आणि त्या त्याला भावजी म्हणायच्या म्हणून त्याचंही तेच झालं. भावजी अंगाने भरभक्कम, विचाराने सावकाश. माणूस मात्र लाखातला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांना बरंच ऐकून घ्यायचं आहे.

"आधी बसा," वहिनी म्हणाल्या. "कोणाला ढकललं?"

"मोजणीवाल्यांच्या मुकादमाला. आमच्या रस्त्यावर गाड्या मोजायला माणसं बसलीत. रस्ता रुंद करायचा की नाही ते त्या मोजणीवर ठरणार. रुंद झाला की भावाचं दुकान गेलं, रांगेतली बाकीचीही गेली. काल दुपारी मुकादम पादचारी पुलाच्या जिन्यात, वळणावर पडलेला सापडला. डोकं फुटलंय. अजून शुद्ध नाही."

"आणि तुमचा भाऊ?"

"त्याच जिन्यावरून पळत उतरताना लोकांनी पाहिला. त्यात परवा सगळ्यांदेखत मुकादमाला म्हणाला होता, दुकानाला हात लावलास तर तंगडं मोडीन." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "तोंडाचा फाटका आहे हो. पण आई गेल्यावर मी वाढवलाय त्याला. घरात पाल निघाली तर मला हाक मारतो. त्याला तुरुंगात टाकलं तर मी जगून काय करू?"

भावजींना पालीचं हसू आलं होतं, ते त्यांनी खोकल्यावर निभावलं.

---

तो रस्ता म्हणजे शहराच्या डोक्याला ताप. एका टोकाला कारखान्याचं फाटक, दुसऱ्या टोकाला मोठं इस्पितळ, मधे शाळा, पादचारी पूल आणि दुकानांची रांग. तिघंही फाटकाशी पोचली तेव्हा दुपार कलत होती. काल हे घडलं तेव्हाही साधारण हीच वेळ होती.

फाटकाशी खुर्ची टाकून पन्नाशीचा एक माणूस हातातल्या ध्वनिमुद्रण यंत्रात पुटपुटत होता. दिवसभर नंबर बोलतो म्हणून त्याला सगळे पोपट म्हणत.

"याने काय साधतं?" वहिनींनी विचारलं.

"इथून गेलेल्या गाडीचा प्रकार आणि नंबर मी बोलतो. इस्पितळाच्या टोकाचा माणूस तिथे आलेल्या गाडीचा बोलतो. मग नंबर जुळवायचे. कुठल्या गाडीला हा रस्ता पार करायला किती वेळ लागला ते कळतं. यंत्रं जुनी आहेत, घड्याळ नाही. वेळ अधूनमधून आपणच बोलायची."

"काल त्या टोकाला कोण होतं?"

"तिकडचा माणूस तापाने झोपलाय. साहेब स्वतः बसले. रस्त्याचं काम घेणाऱ्या कंपनीचे इंजिनियर. नवलच म्हणायचं, एरवी ते मोटारीची काच खाली करत नाहीत."

"यंत्रं संध्याकाळी कुठे जातात?"

"साहेबांच्या ऑफिसात. ती समोरची इमारत, दुसरा मजला, रस्त्यावर गॅलरी आहे ना, तेच. कालची दोन्ही नंतर पोलिसांनी नेली, हे दुसरं."

वहिनींनी गॅलरीकडे एकदा मान वर करून पाहिलं आणि रिक्षाला हात केला.

रिक्षा निघाली आणि लगेच पाण्याच्या टँकरमागे अडकली. दोन्ही बाजूंना कारखान्याचे ट्रक ठाण मांडून उभे होते. उरलेल्या चिंचोळ्या वाटेत टँकर गोगलगायीसारखा सरकत होता आणि मोटरसायकलवाले डावी-उजवीकडून सुळकन पुढे निघत होते. एकाचा आरसा भावजींच्या कोपराला लागला.

"मेल्यांनो, यमाची गाडी सुटतेय का?" भावजी ओरडले. मग मन रमवायला ते नेहमीचा खेळ खेळू लागले. पुढच्या गाडीचे आकडे बेरजेला घ्यायचे आणि दिवस कसा जाणार ते ठरवायचं. "वहिनी, ती पिवळी व्हॅन बघा, शाळेची. बावन्न तीस. पाच, दोन, तीन. दहा. यश आहे आज."

पिवळी व्हॅन पुलाच्या अलीकडे शाळेच्या गल्लीत वळली.

"गेलं यश गल्लीत," वहिनी म्हणाल्या.

रिक्षावाला हसला. "रस्ता केवढा थोरला आहे, बाई. पण अर्ध्यात ट्रक झोपलेले. काय करणार?"

---

इस्पितळात मुकादमाची बायको खोलीच्या दारात उभी होती. शिंप्याच्या बहिणीला पाहताच तिने तोंड फिरवलं.

"हिला माझ्या डोळ्यांसमोरून न्या."

वहिनींनी भावजींना खूण केली, ते बहिणीला घेऊन खाली गेले.

"तुमचं दुःख मला कळतं," वहिनी म्हणाल्या. "पण खरं कोणी केलं ते तुम्हालाही हवं असेल."

"खरं काय राहिलंय? शिंप्याने केलं." तिने पदराने डोळे पुसले. "दोन दिवस यांचं जेवणावर लक्ष नव्हतं. सारखं म्हणायचे, रस्ता अरुंद नाही, उभे ट्रक हटवले की झालं. मी मोजलंय, मला कोण शिकवणार? काल निघताना म्हणाले, आज काय ते तोंडावर सांगून टाकतो."

"कोणाच्या तोंडावर?"

"शिंप्याच्याच. दुसरं कोण भांडलं होतं यांच्याशी?"

वहिनींनी दारातून पाहिलं. आत यंत्रांच्या मधोमध एक माणूस निपचित पडला होता.

---

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टरने वहिनींना पाहून कपाळाला हात लावला. दोघांचा जुना परिचय होता, स्नेह मात्र नव्हता.

"प्रकरण सरळ आहे, वहिनी. कशाला उन्हातान्हात फिरताय?"

"सरळ असेल तर मला शिंप्याशी बोलायला काय हरकत?"

शिंपी कोठडीच्या गजाशी आला. काटकुळा माणूस, दोन दिवसांची दाढी. बहिणीला बघून त्याने मान खाली घातली.

"खरं सांग," वहिनी म्हणाल्या. "पुलावर कशाला गेला होतास?"

"भांडायला," शिंपी म्हणाला. "तो वर आहे असं कळलं. जिना चढलो तर वळणावर पडलेला. रक्त पाहिलं. माणसं बोलवायला धावलो, तर लोकांनी मलाच धरलं."

"वर कोणी दिसलं?"

"वर गेलोच नाही. पलीकडचा जिना रस्त्याच्या त्या बाजूला उतरतो, तिकडून कोणी गेलं असेल तर मला काय कळणार?"

"हे एवढं भोळं आहे की खरं वाटावं," इन्स्पेक्टर म्हणाला. "पण मुकादमाशी वाकडं असलेला दुसरा कोणी नाही."

"आणि ते इंजिनियर साहेब?" वहिनींनी विचारलं.

"मीच का?" मागून आवाज आला. इंजिनियर साहेब जबाबावर सही करायला आले होते. शर्टाला एक चुणी नाही. "मुकादम माझा उजवा हात होता, बाई. शिवाय मी तेव्हा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला काम करत होतो."

"इस्पितळाच्या दारात कोण कोणाकडे बघतं? कोणी पाहिलं तुम्हाला?"

"माणसाने नाही, यंत्राने," इन्स्पेक्टर म्हणाला. "साहेबांनाही आम्ही सोडलं नाही. ऐका."

त्याने पहिलं यंत्र लावलं. गाड्यांच्या गोंगाटात पोपटाचा आवाज आला: "टँकर, सत्तर चौदा. शाळेची व्हॅन, बावन्न तीस. रिक्षा, एकतीस अकरा. मोटरसायकल, अठरा नव्वद. पांढरी मोटार, चाळीस सव्वीस..."

मग दुसरं. तसाच गोंगाट, आणि साहेबांचा संथ आवाज: "टँकर, सत्तर चौदा. शाळेची व्हॅन, बावन्न तीस. रिक्षा, एकतीस अकरा. मोटरसायकल, अठरा नव्वद. पांढरी मोटार, चाळीस सव्वीस..."

"सगळा वेळ असंच आहे," इन्स्पेक्टर म्हणाला. "पोपटाची प्रत्येक गाडी साहेबांकडे आहे. माणूस तिथे नसता तर नंबर कळले कुठून?"

"कामात हयगय मला खपत नाही," साहेब म्हणाले. "एकही गाडी सुटली नाही माझ्याकडून."

"वा," भावजींच्या तोंडून निघालं. "माळेतल्या मण्यांसारखं जुळलंय."

आपल्याच माणसांनी साथ सोडल्यासारखी शिंप्याची बहीण भावजींकडे बघत होती.

वहिनींनी यंत्र पुन्हा ऐकलं. मग भावजींना बाजूला घेऊन कानात काही सांगितलं. भावजींचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे झाले आणि ते त्यांच्या मानाने पळत बाहेर गेले.

"मी निघू?" साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"बसा की थोडं. मला गाड्यांतलं काही कळत नाही, जरा समजावून द्या."

साहेबांनी समजावून दिलं. बराच वेळ दिलं. बहीण दाराकडे डोळे लावून बसली होती. शेवटी दारात भावजी दिसले, धापा टाकत, आणि त्यांच्यामागे खाकी शर्टातला एक माणूस.

"आता माझी पाळी," वहिनी म्हणाल्या. "साहेब, या रस्त्यावरून तुम्ही कधी रिक्षाने गेलात?"

"गरज पडत नाही."

"तिथेच घोटाळा झाला. पोपटाकडे आधी टँकर, मग रिक्षा, मग मोटरसायकल. तुमच्याकडेही तोच क्रम. एवढ्या रस्त्यात मोटरसायकलवाला टँकरच्या मागे मान खाली घालून आला? आज आम्ही टँकरमागे होतो. किती जण पुढे गेले ते भावजींच्या कोपराला विचारा."

"योगायोग असेल," इन्स्पेक्टर म्हणाला, पण तो पुढे झुकून बसला.

"एका गाडीचा असेल. सगळ्यांचा कसा? कालच्या त्या वेळात या रस्त्यावर कोणी कोणाला मागे टाकलं नाही. आणि दुसरं, एकही गाडी सुटली नाही. अहो, मधे गल्ल्या आहेत, दुकानं आहेत, घरं आहेत. ज्याचं काम जिथे तिथे तो वळतो. काल मात्र झाडून सगळे इस्पितळापर्यंत गेले. शहरात साथ आली होती काय?"

साहेबांनी रुमाल काढला. "मी थकलो होतो. क्रम मागेपुढे बोललो असेन."

"बरं, क्रम सोडला. हे कोण ते ओळखता?"

खाकी शर्टवाला पुढे आला. "पिवळी व्हॅन माझी. बावन्न तीस."

"काल दुपारी इस्पितळाकडे गेला होतात?"

"कशाला जाऊ? सगळी पोरं कारखान्याच्या वसाहतीतली. फाटकाकडून येतो, शाळेच्या गल्लीत उभा राहतो, शाळा सुटली की पोरं भरून परत फाटकाकडे. काल गल्लीतच होतो. पूल आमच्या पुढे, आरडाओरडा तिथूनच ऐकला. शाळेच्या बाईंना विचारा."

"मी नंबर चुकीचा वाचला असेन," साहेब पटकन म्हणाले.

"चुकीचा वाचलात, आणि नेमका पोपटाने वाचलेलाच निघाला? जी गाडी तुमच्यापर्यंत आलीच नाही तिचा नंबर तुम्हाला एकाच ठिकाणी मिळू शकतो, पोपटाच्या यंत्रात. काल संध्याकाळी दोन्ही यंत्रं तुमच्या ऑफिसात होती. गॅलरीत उभं राहायचं, एक यंत्र कानाशी, एक तोंडाशी. गोंगाट खालचा रस्ता फुकट पुरवतो. वेळ तर तोंडानेच सांगायची. खरे नंबर थोडेच जुळतात हे तुम्हालाही माहीत आहे. पण एखादी गाडी गाळली आणि पोलिसांनी विचारलं, ही कशी दिसली नाही, तर? म्हणून भीतीपोटी सगळ्या घेतल्या."

"पण का?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"रुंदीकरण झालं तर काम यांच्या कंपनीला. मुकादम म्हणत होता, ट्रक हटवा, रुंदीकरण नको. मग काल तो बायकोला 'आज तोंडावर सांगून टाकतो' म्हणून निघाला, ते कोणाच्या तोंडावर? शिंप्याला ती बातमी ऐकवायला धीर कशाला लागतो? धीर साहेबांपुढे लागतो."

साहेबांच्या हातातला रुमाल खाली पडला.

"मी ढकललं नाही," ते म्हणाले. "तो म्हणाला, खोटा अहवाल गेला तर वर तक्रार करीन. निघालो तर त्याने दंड धरला. मी हात झटकला. तो मागे गेला, आणि मागे पायऱ्या होत्या."

"आणि तुम्ही पलीकडच्या जिन्याने उतरलात," वहिनी म्हणाल्या. "पडला तो अपघात असेल. त्याला तसाच टाकून आलात आणि वर दुसऱ्याला तुरुंगात जाऊ देत होतात, त्याला काय म्हणायचं ते कोर्ट ठरवेल."

शिंप्याची बहीण साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"जिवंत आहे का एवढंसुद्धा वाकून बघितलं नाहीत?"

साहेबांनी वाकून पडलेला रुमाल उचलला. इन्स्पेक्टरने किल्ल्या काढल्या आणि वहिनींकडे न बघता कोठडीकडे गेला.

---

शिंपी सुटला तो घरी गेला नाही. सरळ इस्पितळात गेला. मागे बहीण, आणि तिच्यामागे वहिनी आणि भावजी. मुकादमाच्या बायकोला ठाण्यातून निरोप गेला होता. तिला कोणाकडे बघावं ते कळत नव्हतं.

शिंपी दाराबाहेरच थांबला. "मी शिव्या दिल्या होत्या त्यांना," तो म्हणाला. "माझ्यासाठी भांडत होते, आणि मी तंगडं मोडायला निघालो होतो."

"मला त्यांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "परवा घरी आले तेव्हा म्हणाले, शिंपी तोंडाचा वाईट आहे, पण त्याचं दुकान वाचलं पाहिजे. पण मी हे कोणाला बोलले नाही. मला वाटलं, अशा माणसाला तुम्ही मारलंत."

शिंप्याला रडू आलं. जन्मभर त्याला रागावत आलेल्या बहिणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रात्री यांच्यापाशी कोण असतं?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"मीच. दुसरं कोण आहे?"

"तुम्ही कालपासून पाठ टेकली नसेल. आज घरी जा. मी जागतो."

ती दारातून बाजूला झाली.

"तासातासाने ओठ ओले करायचे असतात," ती म्हणाली. "कापूस त्या कपाटात आहे. आधी हात धुवा."