हा हात कोणाचा?

"पण सर, मी बारा वर्षांचीच आहे!"

"तुझी हाडं तसं म्हणत नाहीत," सर म्हणाले आणि त्यांनी लाल पेनाने यादीतलं पहिलंच नाव खोडलं. एक रेघ! पट्टीने मारल्यासारखी सरळ.

टोळ त्या रेघेकडे बघतच राहिली. लांब उडी घेताना ती अशी काही सुटायची, की गवतातून टोळच उडाला असं बघणाऱ्याला वाटावं. म्हणून सगळं मैदान तिला याच नावाने हाक मारायचं. सुट्टीतलं शिबिर आज संपत होतं. उद्या सकाळी चौदा वर्षांखालचा संघ स्पर्धेला निघणार होता. आणि आज हे काय भलतंच!

"चोवीस जणांच्या डाव्या हाताचे एक्स-रे काढले," सर सांगू लागले. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा. "वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी काळ्या फटी दिसतात. तेवीस जणांच्या फिल्मवर त्या आहेत. तुझ्या फिल्मवर एकही नाही! डॉक्टरांनी लिहून दिलंय, वय अठरा किंवा जास्त."

"अठरा!" टोळची आई उभीच राहिली. "अहो, मी जन्म दिलाय तिला. मला माहीत नसेल होय?"

"जन्माचे दाखले चुकतात हो. मशीन चुकत नाही. पाच वाजता यादी वर जाईल. त्याआधी काय ते खरं सांगून टाका, म्हणजे शाळेचं नाव तरी वाचेल."

यावर आई काही बोललीच नाही. फिल्मचा पिवळा लिफाफा तिने उचलला आणि ती खाली मान घालून बाहेर पडली.

आई गप्प का झाली? ती तर दूधवाल्यापुढेसुद्धा हार मानत नाही! दुपारी जेवताना टोळचा घास तोंडातच फिरत राहिला. ती चोरून आईकडे बघायची, मग स्वतःच्या हाताकडे बघायची. हाताची मूठ वळत होती, बोटं हलत होती, सगळं नेहमीसारखंच होतं. तरी तो हात आज परक्यासारखा वाटत होता. अठरा? मग मधली सहा वर्षं गेली कुठे? आई काही लपवते आहे का? असला विचार मनात आला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली, पण विचार काही जाईना.

इतक्यात अंगणातून आवाज आला. "अगं ए अठरा वर्षांच्या ताई! बाहेर या!"

एवढा आवाज एकाच व्यक्तीचा. गोळाफेक करणारी तिची मैत्रीण, ढोल! सोबत टोळचा मामेभाऊ होता. त्याला एक उत्तर दिलं की तो तीन प्रश्न काढायचा, म्हणून तो शंकासुर. तो धावपटू होता. एक्स-रेच्या रांगेत टोळ पहिली होती, तिच्यामागे शंकासुर आणि त्याच्यामागे ढोल. दोघांनीही आपापले पिवळे लिफाफे आणले होते.

"चेष्टा करू नकोस गं," टोळ म्हणाली आणि रडूच लागली.

"ए, रडायचं नाही हं! मला रडणाऱ्यांशी बोलता येत नाही," ढोल गडबडून म्हणाली.

शंकासुराने मात्र तिन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या होत्या. "मला एक सांगा. हाडात फट असली तर हाड तुटत का नाही? आणि ती भरते कशाने? आणि भरली की..."

"मला काय विचारतोस! मला काहीच कळेनासं झालंय," टोळ डोळे पुसत म्हणाली.

"मग जिला कळतं तिला विचारू. तुझी मावशी!" ढोल म्हणाली.

टोळची मावशी वैद्यकीय महाविद्यालयात काम करायची. शरीराच्या तुकड्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चिकटवायचे आणि रंगवायचे, हे तिचं काम. तिघं पोचली तेव्हा तिच्या खोलीत स्पिरिटचा वास भरला होता. फळीवर बरण्यांची रांग होती. ढोलने एक बरणी उचलली मात्र, मावशी ओरडली, "ठेव ती खाली! ॲसिड आहे त्यात. हाडातला चुना निघून गेला की हाड शिजलेल्या गाजरासारखं वाकतं, तेव्हा कुठे त्याचा काप निघतो. आणि बरणीवरची चिठ्ठी हलवू नकोस. इथे तुकडा हातात असतानाच त्याचं नाव लिहायचं असतं. मागाहून आठवून लिहिलं की झालाच घोळ!"

टोळने घडलेलं सगळं सांगितलं. मावशीने हातातलं काम बाजूला सारलं आणि एक काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "उंदराच्या पायाचं हाड आहे. वाढीच्या वयातला उंदीर. बघ."

टोळने डोळा लावला. आधी नुसतं गुलाबी-जांभळं धुकं दिसलं. मावशीने चाकी फिरवली आणि धुक्यातून एक अख्खं गाव वर आलं!

"मावशी, ताटल्यांच्या चळती आहेत! एकीवर एक!"

"ताटल्या नाहीत, पेशी आहेत त्या. तुझ्या कानाची पाळी वाकते ना? आत कूर्चा असते म्हणून. तीच ही कूर्चा. फट म्हणतात ती पोकळी नव्हे, तिथे ही बसलेली असते. चुना नाही म्हणून एक्स-रे तिच्यातून आरपार जातो आणि जागा काळी दिसते. आता चळतीच्या वरच्या टोकाला बघ. तिथे एकीच्या दोन पेशी होतात, दोनाच्या चार. चळत लांबते, तसं हाड लांबतं, आणि तुझी आई म्हणते, झाला का झगा आखूड!"

"खालच्या पेशी फुगल्यात," टोळ म्हणाली.

"फुगतात आणि मरतात. त्यांच्या रिकाम्या खोल्यांच्या भिंतींवर हाड बांधणाऱ्या पेशी येऊन बसतात. बांधता बांधता त्या स्वतःच भिंतीत अडकतात आणि तिथेच राहतात. कोणी गवंडी असा राहील का? देवाची कारागिरी बघावी ती इथे! ना हातोड्याचा आवाज, ना धूळ. तू झोपलेली असतानाही काम चालूच."

"आणि कूर्चा संपली की?" शंकासुराने विचारलं.

"की फट बुजली. मग उंची वाढायची बंद."

"म्हणजे फटी नसलेला माणूस वाढूच शकत नाही?"

"आता सांगितलं ना!"

टोळ ताडकन उठली. "पण मी वाढले! शाळेत सरांनी मोजलं होतं त्याला पाच महिने झाले. शिबिराच्या पहिल्या दिवशी पुन्हा मोजलं, तर पूर्ण तीन सेंटिमीटर जास्त! सरांच्याच वहीत लिहिलंय!"

ढोल गरजली, "म्हणजे ही फिल्म तुझी नाहीच!"

टोळला एकदम हलकं वाटलं. पण दोन श्वास झाले नाहीत तोच पुन्हा गोंधळ! फिल्म तिची नाही, मग कोणाची? शिबिरात अठरा वर्षांचं कोणीच नव्हतं. आणि तिची फिल्म गेली कुठे?

मावशीने तिन्ही फिल्म उजेडाच्या काचेवर मांडल्या. मग तिने शंकासुराकडे रोखून पाहिलं. "काय रे, सहा महिन्यांपूर्वी भिंतीवरून पडून हात मोडून घेतला होतास तो डावाच ना? मनगटाच्या जरा वर?"

"हो. का?"

"मोडलेलं हाड आधी कूर्चेनेच सांधतं, मग तिथे हाडाची जाड गाठ होते. तुझ्या फिल्मवर ती गाठ कुठे आहे?"

गाठ नव्हती. मनगट स्वच्छ! शंकासुराने स्वतःचा हात चाचपला, जणू तोही हरवला असावा.

"इथे आहे गाठ," टोळ हळूच म्हणाली. तिचं बोट तिसऱ्या फिल्मवर होतं. ढोलच्या!

"माझा हात कधी मोडला नाही! मी लोकांचे मोडते!" ढोल उसळली.

"थांबा, थांबा, थांबा!" शंकासुर डोकं धरून गोल फिरू लागला. "माझी फिल्म ढोलकडे गेली. म्हणजे एक घर पुढे. मग माझ्याकडे आहे ती टोळची! बघा, फटी आहेत तिच्यात! आणि टोळकडे आलीय ती तिच्या आधीच्याची!"

"माझ्या आधी कोणी नव्हतंच रे. मी पहिली होते," टोळ म्हणाली.

पहिल्याच्या आधी कोण असतो? टोळ ती पहिली फिल्म निरखत राहिली. हात लहानसाच होता. करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड मात्र टोकाशी खाली वाकलेलं होतं.

"कधीतरी मोडून वाकडंच सांधलंय," मावशी म्हणाली. "अशा माणसाने मूठ वळली की करंगळीमागचं टेंगूळ वर येत नाही."

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. टोळच्या आधी मशीनजवळ एकच माणूस उभा होता. तिघं धावत सुटली.

एक्स-रेवाले काका चणीने लहान आणि तोऱ्याने मोठे. मुलांना बघताच ते म्हणाले, "काय आहे? फिल्म बदलून मिळत नाहीत!"

"छे हो काका," ढोल दारातूनच म्हणाली. "आमची पैज लागलीय. हे दोघं म्हणतात, काकांची मूठ तुझ्यापेक्षा मोठी असेल. मी म्हणते, शक्यच नाही!"

"तुझ्यापेक्षा? हट्! आण इकडे!" काकांनी बाही सरसावली आणि डावी मूठ टेबलावर आपटली.

एक टेंगूळ, दोन, तीन. आणि करंगळीच्या मागे सपाट!

"काका," टोळ म्हणाली. तिने पहिली फिल्म त्या मुठीशेजारी ठेवली. "हा हात तुमचा आहे."

"माझा? माझा कसा..." काका फिल्म बघू लागले आणि त्यांचा तोरा फुग्यातल्या हवेसारखा गेला. "अरे देवा! त्या दिवशी मशीन सुरू केलं आणि नीट चालतंय का बघायला आधी माझाच हात ठेवला. करू नका म्हणून दहादा बजावलंय मला. नावांच्या चिठ्ठ्या यादीप्रमाणे आधीच लिहून ठेवल्या होत्या. फिल्म धुऊन आल्या, तशा वरून चिकटवत गेलो."

"आणि शेवटी एक उरली असेल," शंकासुर म्हणाला. "मुलं चोवीस, फिल्म पंचवीस!"

काकांनी मुकाट्याने खण उघडला. बिननावाची फिल्म तिथेच पडलेली होती. "मला वाटलं, कोणाचातरी हात दोनदा काढला गेला."

"चला आमच्याबरोबर!"

"आत्ता? अगं, माझं काम..."

"काका, तिथे माझ्या आईला खोटं ठरवलंय," टोळ म्हणाली. काकांनी टोपी उचलली.

पाचला सात मिनिटं असताना सरांच्या खोलीत एवढी माणसं शिरली की सरांनी आधी दारच बंद करायला सांगितलं. निरोप मिळताच टोळची आईही मावशीसोबत पोचली होती. काकांनी सगळं कबूल केलं. मावशीने एकेका फिल्मवरची चिठ्ठी एक घर पुढे सरकवून दाखवली. सरांनी स्वतःची वही उघडली. तीन सेंटिमीटर, त्यांच्याच अक्षरात! सगळ्या फिल्म नीट लावून डॉक्टरांकडे पुन्हा पाठवायच्या ठरल्या. पण टोळच्या फटी आता आंधळ्यालाही दिसल्या असत्या.

"मी वही एकदा चाळली असती तरी..." सर थांबले. मग ते टोळच्या आईसमोर उभे राहिले. "ताई, चूक झाली. मी तुम्हाला बोलायला नको होतं. आणि ही तुमची पोरं! आम्ही सगळे मोठे मशीनवर विसंबलो आणि यांनी डोळे वापरले. शाबास रे!"

"आणि माझी पैजही वापरली," ढोलने आठवण करून दिली. सगळे हसले. सरांनी नवा कागद घेतला आणि पहिलं नाव पुन्हा लिहिलं.

टोळला मात्र हसू आलं नाही. ती आईजवळ गेली. "आई, मला एक सांगायचंय. दुपारी मला वाटलं... म्हणजे मला कळतच नव्हतं काही... मला वाटलं, तूच काही लपवतेस."

"कळलं होतं मला. घासागणिक बघत होतीस माझ्याकडे."

"मग तू बोलली का नाहीस? सरांपुढेसुद्धा?"

"बोलले असते तर रडले असते गं. आणि मी रडले असते, तर तू घाबरली असतीस." आईने टोळची खरी फिल्म उजेडाकडे धरली. बोटाबोटातल्या हाडांच्या टोकाशी बारीक काळ्या रेघा होत्या. तिने एकेक रेघ मोजली, जन्मल्या दिवशी बाळाची बोटं मोजतात तशी. मग फिल्म लिफाफ्यात घातली.

"चल घरी. उद्या लवकर उठायचंय."