गवंड्यानं सांगितलं!

"हा सरळसरळ अन्याय आहे!" कल्याणीने पाय आपटला.

दिवाळीची सुट्टी लागली होती. घोडेगावच्या वरच्या डोंगरातला ओढा तीन दिवस पांढराफेक वाहत होता आणि ओढ्याकाठी नव्याने बांधत असलेल्या फार्महाऊसच्या ठेकेदाराने खुशाल म्हाताऱ्या कुशाबांच्या म्हशींवर खापर फोडलं होतं. म्हशी पाणी पांढरं करतात? काय पण शोध! पण मोठ्यांना तो पटला. संध्याकाळच्या बैठकीत म्हशींना ओढा बंद होणार होता. जवळपास दुसरं पाणी नव्हतं, म्हणजे कुशाबांना म्हशी विकाव्याच लागणार!

"अरे, आपले गवंडी बघा!" पाण्यात वाकलेला बुद्धभूषण ओरडला.

गवंडी हे कल्याणी, बुद्धभूषण आणि सार्थक या तिघांनी एका अळीला ठेवलेलं नाव. ती तोंडातून रेशमी धागा काढते, वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळी बांधते आणि घर घेऊनच फिरते. पाणी मात्र स्वच्छ, वाहतं लागतं. आज कितीतरी अळ्या मेल्या होत्या. उरलेल्यांच्या नळ्यांवर चकचकीत निळे कण होते.

"ही तर फरशीची कपची!" सार्थक म्हणाला.

"मग? म्हशी फरशी खातात का?" कल्याणी कडाडली.

दगड उलटत, पुन्हा नीट ठेवत तिघं वर चढले. फार्महाऊसच्या भिंतीपर्यंत निळ्या नळ्या सापडल्या. भिंतीच्या वरच्या बाजूला ओढ्यात मात्र साध्या वाळूच्या, आणि आत जिवंत अळ्या! भिंतीआड पोहण्याच्या टाकीसाठी निळी फरशी कापायचं काम जोरात चालू होतं आणि तिचा पांढरा भुगा उडत होता.

बैठकीत ठेकेदार हसला. "पोरांनो, तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

"गवंड्यानं सांगितलं!" बुद्धभूषणने निळ्या नळीतली अळी ठेवलेली बाटली पुढे धरली.

बाटलीकडे बघतो कोण? मागे बसलेला ठेकेदाराचा गवंडी सावळेराम ताडकन उठला. "आईशप्पथ, म्या कुणाला सांगितलं नाय! फरशीचा राडा वढ्यात सोडा, असं ह्येच म्हणालं व्हतं!"

ठेकेदाराचा चेहरा खर्रकन उतरला.

"आत्ताच्या आत्ता काम बंद! समदा राडा उपसायचा!" सरपंच सखूबाई गरजल्या. "अन् आदी कुशाबांची माफी मागा! आमीबी चुकलो. पोरांनो, तुमी लई शानी निघालात!"

कुशाबांनी डोळे पुसले आणि बाटलीतल्या अळीला हात जोडले. "गवंडीभाऊ, लई उपकार! सोडा रं तिला वढ्यात."

"सोडू, आजोबा," कल्याणी अजूनही धुसफुसत म्हणाली, "पण भिंतीच्या वरच्या बाजूला. खाली अजून पाणी पांढरंच आहे!"