पूल कच्चा आहे, अंकल!

“आजपासून सायकली बंद!” चित्राने जाहीर केलं आणि गॅरेजच्या दाराला कुलूप घातलं.

“आई, दॅट्स नॉट फेअर!” शौनक किंचाळला.

“फेअर-बिअर काही नाही. आजोबांचा हात बघितलास ना?”

सूर्यकांत आजोबा व्हरांड्यात बसले होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. सुटी लागल्याबरोबर मैत्रेयी आणि शौनक मिसिसागाहून आले होते, त्यांची मावसबहीण ईशिता स्कारबरोहून. लेक ऑन्टॅरिओमधल्या या चिमुकल्या बेटावर यायचं ते एकाच गोष्टीसाठी, आजोबांबरोबर सायकलवर भटकायला! टोरांटोतली डॉक्टरकी सोडून आजोबा इथे येऊन राहिले तेही त्यासाठीच. बेटावरचे रस्ते इतके निवांत, की एकामागोमाग दोन गाड्या दिसल्या तर आजोबा म्हणायचे, “अरे वा, आज ट्रॅफिक जॅम!”

आणि त्याच रस्त्यावर, काल, छोट्या पुलापलीकडे एक पिवळी गाडी आरशाने त्यांचं हँडल ठोकून सुसाट गेली. आजोबा सायकलसकट चरात पडले. गाडी थांबलीसुद्धा नाही!

संध्याकाळी शेजारच्या मोठ्या कॉटेजमध्ये सुटीसाठी उतरलेले चिराग अंकल मिठाईचा डबा घेऊन भेटायला आले होते. “अंकलजी, पुलापलीकडे गेलातच कशाला?” ते हिंदी-मराठीची भेळ करत म्हणाले. “तिथे तर बोर्ड लगा है. पूल कमजोर है. आम्ही आलो त्या दिवसापासून बघतोय.”

“मी गेलो तेव्हा कुठलाही बोर्ड नव्हता,” आजोबा ठामपणे म्हणाले.

चिराग अंकल आईकडे बघून गोड हसले. “इस उमर में… ध्यान नहीं रहता.”

आई काहीच बोलली नाही. आजोबांनी मान खाली घातली. ते मैत्रेयीला हाताच्या प्लास्टरपेक्षाही जास्त लागलं. आजोबांनी मान खाली घातलेली तिने तेरा वर्षांत कधी पाहिली नव्हती!

आणि आता हे कुलूप!

“आई,” मैत्रेयी कुलपासमोर जाऊन उभी राहिली. “धडक गाडीने मारली आणि शिक्षा सायकलला? हा कुठला न्याय?”

“मैत्रेयी, उलट उत्तर नको.”

“उलट नाही, सरळ विचारतेय. आजोबा म्हणतात बोर्ड नव्हता. तू त्यांच्यावर विश्वास ठेवतेस की मिठाईच्या डब्यावर?”

आईचा चेहरा लाल झाला. ईशिताने हळूच मैत्रेयीचा टी-शर्ट ओढला. पण व्हरांड्यातून आवाज आला, “चित्रा, दे किल्ली. पाटीपर्यंत जाऊ देत पोरांना. माझे डोळे गेलेत की शाबूत आहेत, ते मलाही कळू दे.”

आईने किल्ली मैत्रेयीच्या हातावर ठेवली. “पुलाच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. काही दिसलं तर आधी मला फोन. आणि हेल्मेट!”

“प्रॉमिस!” तिघं एकदम ओरडली.

तळ्याकाठचा रस्ता नेहमीसारखाच होता. एका बाजूला निळंशार पाणी, दुसऱ्या बाजूला कापलेल्या गवताचे मोठाले भारे. चाकांची सरसर सोडली तर आवाज नाही. वळण ओलांडलं आणि तिघांनी करकचून ब्रेक दाबले.

रस्त्याच्या एका कडेला नारिंगी पिंपं, आणि मध्ये पाटी: ‘पूल धोकादायक. रस्ता बंद.’

“म्हणजे पाटी खरंच आहे,” ईशिताचा आवाज पडला.

“आहे. पण कालपासून की आधीपासून?” मैत्रेयी सायकल टेकवून खाली वाकली. “हे बघा! पिंपं रस्त्याच्या अर्ध्यातच लावलीत. उरलेल्या अर्ध्यातून एक गाडी आरामात जाईल.”

“गेलीच आहे!” शौनक पुलाच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. “इकडे ये! ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, अजून ओला आहे. एवढा मोठा ट्रॅक्टर पुलावरून गेला आणि पूल पडला नाही? व्हॉट काइंड ऑफ धोकादायक इज दॅट?”

ईशिता पाटीच्या मागे गेली आणि तिने जोरात शीळ घातली. पाटीच्या पाठीवर काळ्या रंगाने एक शब्द छापलेला होता: केंब्रिज.

“केंब्रिज? माझा काका राहतो ते?” शौनकने डोळे विस्फारले. “ते तर टोरांटोच्याही पलीकडे!”

“मग तिथली पाटी फेरीबोटीत बसून इथे फिरायला आली का?” मैत्रेयी म्हणाली. “कुणीतरी उचलून आणलीय!”

तेवढ्यात पुलापलीकडून गुरगुर ऐकू आली. गुरगुरीचा गडगडाट झाला. “भाऱ्यांमागे!” मैत्रेयी ओरडली. तिघं सायकली घेऊन गवताच्या भाऱ्याआड दडली.

पुलापलीकडे रस्ता टोकापर्यंत सरळसोट जातो. तिथे घर नाही, दार नाही, बाहेर पडायला दुसरी वाटही नाही. त्या सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या, एक पांढरी आणि एक पिवळी! मध्ये उभ्या असलेल्या माणसाने रुमाल खाली केला, आणि दोन्ही गाड्या किंचाळत सुटल्या. पाण्यावरचे बगळे भेदरून उडाले.

“शर्यत!” ईशिता कुजबुजली. “रस्ता स्वतःसाठी बंद केलाय यांनी!”

शौनकने फोनचा कॅमेरा मोठा करून शूटिंग सुरू केलं. “रुमालवाला इज चिराग अंकल. आणि पिवळ्या गाडीचा आरसा बघ. टेप लावलीय!”

मैत्रेयीच्या अंगाचा तिळपापड झाला. आजोबांच्या हँडलला लागला तो आरसा! आजोबांना ठोकरलं ते यांनी, मग पाटी लावली, आणि वर मिठाई घेऊन येऊन त्यांनाच विसरभोळं ठरवलं! ती ताडकन उठली.

“कुठे चाललीस?” ईशिताने तिला खाली ओढलं. “मावशीला दिलेलं प्रॉमिस?”

“पण ते आज दुपारच्या फेरीने निघून जातील, अंकल काल म्हणाले होते! पोलिस फेरीनेच येणार, तोवर हे पसार!”

“मग त्यांना इथेच अडकवायचं. पण कसं?”

मैत्रेयीने पुलाकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. “अगं, पूल तर कच्चा आहे ना!”

तिने आधी आईला फोन केला, मग टाउनशिपच्या ऑफिसला. बेटावरच्या रस्त्यांची देखभाल डोरीन नावाच्या दणकट बाई करायच्या.

“धोकादायक पूल?” डोरीन फोनवर गरजल्या. “मी कुठलीच पाटी लावलेली नाही!”

“मला माहीत आहे,” मैत्रेयी म्हणाली. “पण पाटी लागलीय. मग पूल तपासायला नको का? आणि तपासेपर्यंत त्यावरून कुणाला जाऊ देणं बरोबर नाही, हो ना?”

पलीकडून खो खो हसणं ऐकू आलं. “मुली, तिथेच थांब. पोलिसांना मी कळवते!”

डोरीनचा भलामोठा ट्रक आला आणि अलीकडच्या बाजूने पुलाच्या तोंडाशी आडवा लागला. मागोमाग आईची गाडी आली. शेजारी आजोबा. थोड्याच वेळात पलीकडून दोन्ही गाड्या फेरी गाठायला निघाल्या आणि पुलाशी येऊन कचकन थांबल्या.

चिराग अंकल उतरले आणि पूल चालत अलीकडे आले. आईला बघून गडबडले, पण लगेच हसले. “अरे दीदी! क्या हुआ? जरा ट्रक बाजूला घ्यायला सांगा, आमची फेरी आहे.”

“नाही घेता येणार,” मैत्रेयी पुढे आली. “पूल कच्चा आहे, अंकल! तुम्हीच तर सांगितलं होतं!”

“बेटा, हम तो…”

“पायी आलात तेवढं ठीक. गाडी कशी आणणार? पूल मोडला म्हणजे?”

“इंजिनिअर किंग्स्टनहून यावा लागेल,” डोरीन हाताची घडी घालून गंभीरपणे म्हणाल्या. “आज शनिवार. कदाचित सोमवारी येईल.”

“सोमवारी!” पिवळ्या गाडीवाल्याने काच खाली करून आरडाओरडा केला. “चिराग, टेल देम!”

“मैत्रेयी, पुरे,” चिराग अंकलच्या आवाजातला गोडवा संपला. “मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, एवढं शिकवलं नाही का घरी?”

मैत्रेयी जागची हलली नाही. “घरी खरं बोलायला शिकवलंय. पाटी टाउनशिपची असेल, तर पूल बंद. नसेल, तर सांगा कुणाची!”

“अरे, पूल को कुछ नहीं हुआ है!” चिराग अंकल भडकले. “एकदम मजबूत आहे! ती पाटी आम्हीच…”

ते थांबले. पण उशीर झाला होता.

“आम्हीच काय?” आईने विचारलं. तिचा आवाज इतका थंड होता, की शौनकसुद्धा दचकला. “आधी लावली की माझ्या वडिलांना पाडल्यावर?”

चिराग अंकलनी नजर चुकवली. आजोबा सावकाश पुढे आले आणि नजर पुलापलीकडे, टेप लावलेल्या आरशावर रोखली. मान अगदी ताठ! “त्यानंतर,” तेच म्हणाले. “माझं ध्यान बरोबर होतं.”

दुपारच्या फेरीने पोलिस आले. शौनकने शूटिंग दाखवलं, ईशिताने पाटीची पाठ दाखवली. पिवळ्या गाडीवाल्याने मान्य केलं, आणि दोन्ही गाड्या पोलिसांच्या मागोमाग बेटाबाहेर गेल्या.

“चाळीस वर्षं मी हे रस्ते सांभाळतेय,” डोरीन म्हणाल्या, “पण माझ्यापेक्षा यांना रस्त्याची जास्त काळजी! शाबास, पोरांनो!”

आईने मैत्रेयीच्या डोक्यावरचं हेल्मेट उगाचच सरळ केलं. “काल मी बोलायला हवं होतं,” ती म्हणाली. “तू बोललीस ते बरं झालं. बाबा, चुकलं माझं.”

“चूक राहू दे,” आजोबा म्हणाले. “पण प्लास्टर निघेपर्यंत मी घरात बसून काय करू? माशा मारू?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच डोरीन दारात हजर! त्यांच्या ट्रकमधून एक जुनी तीनचाकी सायकल उतरली, पुढे भलीमोठी लाकडी पेटी लावलेली. त्यांचे वडील कधीकाळी तिच्यातून सफरचंदं वाहायचे म्हणे. ईशिताने पेटीत उशी ठेवली आणि आजोबा राजासारखे आत बसले.

“बाबा, लोक काय म्हणतील!” आई हसू दाबत म्हणाली.

“म्हणू देत! मैत्रेयी, मार पॅडल! पुलापलीकडे, थेट टोकापर्यंत! शौनक, डावीकडून चाल! ईशिता, घंटी कुठेय तुझी?”

मैत्रेयीने सगळा जोर लावला. पेटी करकरली, चाकं फिरली. पुलावरून जाताना आजोबा प्लास्टरचा हात उंच करून ओरडले, “अजून जोरात! मी काय सफरचंद आहे?”