रांजणाला हात लावू नका

निळ्या नाईलला पूर आला की ती नावाला निळी उरते. काठच्या गावांत घरोघरी तांबडं पाणी. अशाच एका दुपारी मुझम्मिलच्या होडीचं इंजिन बंद पडलं आणि तो काठावरच्या पहिल्याच घराच्या मागच्या दारी पाणी मागायला आला. दार उघडलं ते तहानीने. तिच्या भाषेत या नावाचा अर्थ अभिनंदन. आपल्या कानांना जे ऐकू येतं, ते मात्र त्या घटकेला मुझम्मिलच्या घशाला लागू होतं.

"थांबावं लागेल," ती म्हणाली. रांजणात शेवग्याच्या बियांची पूड तिने नुकतीच फिरवली होती. "गाळाचे कण आत्ता कुठे एकमेकांना धरतायत. धक्का लागला तर सुटतील. रांजणाला हात लावू नका."

"आणि नुसतं बघत बसलो तर?"

"रांजणाकडे?"

"...तेही."

"बघा की. बघण्याने पाणी ढवळत नाही."

पाणी नाही ढवळलं. पण त्या दिवसापासून होडीचं इंजिन सारखं बिघडू लागलं, आणि नेमकं याच काठाला.

आज मात्र थट्टा सुचत नव्हती. पुढच्या अंगणात बतूल आत्या आपल्या मुलासाठी, बाबिकरसाठी, मागणी घालायला आली होती, वडीलधारी माणसं घेऊन. सख्ख्या बहिणीला बाबा नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पाहुण्यांचं पाणी झालं की कुराणातली फातिहा म्हणायची, की लग्न पक्कं. मुझम्मिल स्वतःची मागणी घालायला म्हणून सकाळीच आपल्या मामांना आणायला पलीकडे गेला होता. नदी फुगलेली, आणि होडीचा पत्ता नाही.

"तहानी, पाणी आण गं," बाबांची हाक आली.

पाणी निवळत आलं होतं. गाळाचे पुंजके कापसासारखे अलगद तळाशी उतरत होते. तिने नदीकडे पाहिलं... आणि लाकडी डाव घालून रांजण खसाखसा ढवळला. पुंजके फुटले. असे फुटलेले पुंजके पुन्हा लवकर जुळत नाहीत, हे तिथल्या लहान पोरीलाही ठाऊक असतं.

"अजून निवळलं नाही, बाबा."

पुन्हा हाक आली. पुन्हा डाव बुडाला. तेवढ्यात मागे सावली पडली. आत्या!

आत्याने रांजणात पाहिलं, मग पोरीच्या कोपरापर्यंत भिजलेल्या हाताकडे. तहानीच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोण आहे?" आत्याने हळूच विचारलं.

"...होडीवाला."

"आणि माझ्या बाबिकरमध्ये काय खोट आहे?"

"काहीच नाही, आत्या. माझाच जीव दुसरीकडे गुंतलाय."

 "तुझ्या वयात मला हे का नाही सुचलं," एवढंच आत्या पुटपुटली आणि पुढच्या अंगणात गेली. मग तिचा खणखणीत आवाज आला.

"दादा, तुझ्या लेकीला साधं पाणी निवळवता येत नाही. असली सून मला नको. उठा रे सगळे."

गावात मुलीला याहून मोठा बट्टा नव्हता. तहानी मात्र रांजणाला टेकून सुटकेने रडली.

पाहुणे पांगले आणि होडी लागली. मुझम्मिल चिखलाने माखलेला. आत्याने वाटेतच बातमी पेरली होती.

"तुम्हाला म्हणे पाणी निवळवता येत नाही?"

"नाही येत. गावभर झालंय. अजूनही मागणी घालणार?"

त्याने रांजणातलं तांबडं पाणी भांडंभर घेतलं आणि गाळासकट एका दमात प्यायला.

"मामा पुढच्या अंगणात बसलेत," तोंड पुसत तो म्हणाला. "बाबांना हाक मारा."